भाकरी बांधलेली राजदूत

आमच्या चांदोरीच्या थंडीबद्दल मी काही बोललो की नाशिक शहरातली माणसं हसतात. हसू द्या. ज्यांनी पहाटे साडेपाचला राजदूत फटफटीवर बसून चांदोरी ते सातपूर केलं नाही, त्यांना थंडी फक्त स्वेटरच्या दुकानात भेटलेली असते. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत आमचा गवळी दूध मापाने देत नव्हता, विळीवर चिरून देत होता. मला कडेचा तुकडा मिळाला, त्याला साय जास्त होती. खोटं वाटत असेल तर गावात विचारा. फक्त मी सांगितलं म्हणू नका.

मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात वॉचमन होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत एका साहेबाची अब्रू आहे, आणि साहेब माणूस चांगला होता. आमच्याच वस्तीतला झुंबर तिथे फिटर होता. नात्याने भाचा लागायचा. राजदूत त्याची. तो चालवायचा आणि मी मागे बसायचो. मागे बसणाऱ्याचं बरं असतं. चालवणाऱ्याची पाठ म्हणजे भिंत, आणि त्याच्या कोटाचे खिसे म्हणजे आपल्या हातांची घरं. माझे हात त्या दोन खिशांत असे नांदायचे की सातपूर आलं तरी बाहेर यायला कुरकुर करायचे.

झुंबरच्या हातांना मात्र घर नव्हतं. गाडीवरून उतरला तरी त्याची बोटं हँडल धरल्यासारखी वाकडीच राहायची. चहाचा पेला हातात दिला की तो क्लच दाबल्यासारखा दाबायचा. दोन पेले असे फुटल्यावर टपरीवाला त्याला चहा बशीत देऊ लागला.

आता फिटरचे हात म्हणजे काय, हे सांगायला हवं. कारखान्यात झुंबर टेंपरवारी होता. कायम व्हायचं तर दर जानेवारीत एक परीक्षा असायची. पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा द्यायचे. तो कानसेने घासून ठरलेल्या मापाला आणायचा. उजव्या हाताने कानस रेटायची आणि डाव्या हाताने तिचं टोक दाबायचं. दाब किती, ते डाव्या तळव्यालाच कळतं. केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी चूक चालायची, त्याहून जास्त नाही. आणि परीक्षा सकाळी सात वाजता, हजेरी लागली की लगेच. तीनदा नापास झाला तर गळ्यातलं नंबराचं टोकन गेटवर जमा करायचं आणि घरी जायचं. ते जमा करून घेणारा माणूस मीच होतो. भाच्याचं टोकन माझ्याच हातात यावं, हे मला नको होतं.

पंच्याण्णवच्या जानेवारीत झुंबर नापास झाला. बोटं इतकी बधिर की कानस हातात आहे का विळा, हे त्याला बघून ठरवावं लागत होतं.

त्याच्या बायकोने, विमलाबाईने, हे मनावर घेतलं. विमलाबाई बोलायची कमी. ती एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की ती गोष्टच थकायची. आधी तिने झुंबरच्या हातात पायमोजे चढवले. मग त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. मग नाशकात रविवार कारंज्यावरच्या दुकानातून चांगले जाड चामड्याचे हातमोजे आणले. ते घातले की क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळेना. शिलापूरच्या एका म्हशीला मी आजही जवळून ओळखतो, ती ओळख त्या हातमोज्यांनी करून दिली.

शेवटी तिने गोधडी फाडली. तिच्या लग्नातली, सात लुगड्यांच्या थरांची. तिच्या दोन खोळी शिवल्या, कोपरापर्यंत लांब, आणि दाभणाने सुतळी ओवून सरळ राजदूतच्या हँडलवरच शिवून टाकल्या. क्लच, ब्रेक, सगळं आत. वरून हात घालायचे की झालं. वारा लागायचा बंद झाला. पण हँडलचं लोखंड आतून गारच राहायचं. त्यावर विमलाबाईचा उपाय म्हणजे भाकरी.

तव्यावरची बाजरीची भाकर, पापुद्रा सुटलेली, तशीच गरम गरम फडक्यात घेऊन ती दोन्ही मुठींभोवती गुंडाळायची आणि वरून खोळ ओढायची. झुंबर हात आत घालायचा आणि डोळे मिटायचा. मी म्हणायचो, "डोळे उघड, गाडी चालवायची हाय."

भाकरीची ऊब थेट सातपूरपर्यंत पुरायची. वर दुपारी जेवायला दोन भाकरी आयत्याच. त्यांना जरा पेट्रोलचा वास यायचा, पण ठेच्यापुढे पेट्रोलचं काय चालतंय.

अडचण एकच होती, कुत्र्यांची. पहिल्या दिवशी गावातली चार मागे लागली. आठवड्याने वाटेतल्या माडसांगवीची येऊन मिळाली. महिन्याभरात आमच्या मागे बत्तीस कुत्री रांगेने धावायची, आणि एसटीचे ड्रायव्हर आम्हाला बाजू द्यायचे.

शहाण्णवच्या जानेवारीत झुंबर असा कुत्र्यांच्या लवाजम्यासह परीक्षेला गेला. हात उबदार. मी स्वतः गेटवर दाबून बघितले, ताज्या पावासारखे होते. आणि तरी नापास झाला. माप कमी भरलं, दोन शतांश मिलिमीटरने.

झुंबरला काही उमगेना. "मामा, हाताला बरोबर लागत व्हतं," तो परत परत म्हणाला. "मी आजवर केलेला सगळ्यात चांगला जॉब व्हता तो."

 विमलाबाईने त्या दिवसापासून खोळींत भाकर बांधणं बंद केलं. गावात बायका विचारायच्या, "काय गं, भाकर नापास झाली म्हणं?" असं कुणी विचारलं की ती पिठात पाणी जरा जास्त ओतायची. बाईला नवऱ्याची हार सोसते. भाकरीची सोसत नाही.

नापास झालेले ते दोन तुकडे झुंबरने घरी आणले होते. प्रत्येकावर साल आणि त्याचा टोकन नंबर ठोकलेला. कारखान्याबाहेर लोखंड न्यायला मनाई असते, गेटवर डबा उघडून बघतात. डबा उघडून बघणारा मीच होतो. मला त्यात मटकीची उसळ दिसली.

सत्त्याण्णवच्या थंडीत विमलाबाईने ते तुकडे कामाला लावले. पहाटे चुलीच्या ऊन राखेत पुरून ठेवायची, मग फडक्यात बांधून एकेक खोळीत घालायची. उजवीकडे पंच्याण्णव, डावीकडे शहाण्णव. पोलादाला वास नसतो, म्हणून कुत्री आली नाहीत. थोडं चुकल्यासारखं वाटलं खरं.

पण आता नवीन भानगड उभी राहिली. आपल्याकडे रस्त्यात माणूस भेटला की हात वर करायचा असतो. जय भीम म्हणणाऱ्याला जय भीम, राम राम म्हणणाऱ्याला राम राम, आणि नुसता हात करणाऱ्याला नुसता हात. झुंबरचे हात तर कोपरापर्यंत खोळींत. एक हात काढायचा तर तुकडा घरंगळून पायावर पडायचा. म्हणून तो नुसती मान हलवायचा, आणि माकडटोपीतली मान कुणाला दिसते?

आठ दिवसांत बोभाटा झाला. सायखेडा फाट्यावर त्याची सासू सिंधुबाई सकाळी मेथीच्या जुड्या घेऊन एसटीची वाट बघत उभी असायची. जावई समोरून गेला आणि हात केला नाही. तिने लेकीला निरोप धाडला, "जावई कायम व्हायच्या आधीच साहेब झाला."

विमलाबाईने मला बोलावलं. "मामा, तुमचे हात यांच्या खिशात नुसते बसून असतात ना?"

"बसून नाय, लपून."

"मग उद्यापासून यांच्या वाटचे जय भीम तुम्ही घालायचे."

तेव्हापासून मी दोघांच्या वतीने हात करू लागलो. डावा माझा, उजवा झुंबरचा. सासूला दोन्ही. चांदोरी ते सातपूर मी इतके हात वर केले की औरंगाबाद नाक्यावरच्या लोकांना वाटलं, मी निवडणुकीला उभा आहे. दोघांनी तर मतं द्यायचं कबूलही केलं.

आणि मग तिसऱ्या परीक्षेची सकाळ उजाडली. उजाडली म्हणजे आमच्या घड्याळात. बाहेर धुकं असं की राजदूतचा दिवा लावला तर उजेड पुढे जायला तयार नाही, परत आमच्याच अंगावर येऊन बसला. विमलाबाईने तुकडे खोळींत सारले, सुतळी ओढून बघितली आणि झुंबरला म्हणाली, "सावकाश जा." मला म्हणाली, "तुम्ही गप बसा. आज यांना हसवू नका."

मी गप बसलो. म्हणजे पंचवटीपर्यंत बसलो. रामवाडीच्या पुलाजवळ गोदावरीवरून धुकं नुसतं वाफेसारखं उठत होतं. तिथे रस्त्याच्या कडेला एक माणूस स्कूटरपाशी उभा होता. माकडटोपी, मफलर, लांब कोट. त्याने आम्हाला बघून हात वर केला. मीही सवयीने दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "नमस्कार, नमस्कार."

त्याने आणखी जोरात हात हलवला. मला बरं वाटलं. शहरात इतक्या मायेने कोण हात करतं? मीही आणखी जोरात हलवला. आम्ही पुढे गेलो.

पूल अर्धा ओलांडला तेव्हा झुंबरने गाडी हळू केली. "मामा, तो कोट यादवसाहेबांचा नव्हता का?"

यादवसाहेब म्हणजे आमचे इन्स्पेक्शनचे साहेब. परीक्षेचे तुकडे तेच मोजायचे. झुंबरला दोनदा नापास करणारे तेच.

"पुढं चल," मी म्हणालो. "सहा चाळीस झालेत. गेट सातला बंद व्हतं."

"परीक्षा घेणाराच इथं राह्यला तर परीक्षा कशी व्हईल?"

हे मला सुचलं नव्हतं. आम्ही वळलो.

यादवसाहेब अजून तिथेच होते. हातात प्लगचा पाना, पण बोटांना तो धरवत नव्हता. हात निळे पडलेले. आम्हाला बघून म्हणाले, "सहादू, मी मदत मागत होतो रे. तुम्ही नमस्कार करून निघून गेलात."

"धुकं, साहेब," मी म्हणालो.

"दोन्ही हातांनी केलास."

"एक झुंबरच्या वतीने व्हता."

साहेबांनी ते समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही. स्कूटर कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे सोपवली आणि आम्ही त्यांना मधे बसवलं. झुंबरच्या कोटाचे खिसे साहेबांना गेले. मी उघड्यावर आलो. पण साहेबांचे हात खिशातही थरथरत होते, इतके की सगळी राजदूत थरथरायला लागली. झुंबरने डाव्या खोळीतून फडक्यात बांधलेला तुकडा काढला आणि मागे दिला. "हे धरा, साहेब. दोन्ही तळव्यांत धरा."

मी मागून हात लांबवून झुंबरला चिमटा काढला. डावा हात म्हणजे परीक्षेचा हात. ते त्यालाही माहीत होतं. माझा चिमटा साहेबांना लागला, पण त्यांना तेव्हा काही कळण्याची अवस्था नव्हती.

गंगापूर रोडला लागेपर्यंत साहेब थरथरायचे थांबले. कॉलेज रोडवर त्यांनी सुस्कारा सोडला. "काय आहे काय यात?"

"आमच्या घरातलं लोखंड हाय," झुंबर म्हणाला.

सातला पाच कमी असताना आम्ही गेटवर होतो. झुंबरने डावा हात खोळीतून काढला, तो वाकडाच राहिला. मी तो माझ्या काखेत धरला, पण वॉचमनच्या काखेत असून असून किती ऊब असणार? भोंगा झाला आणि तो आत गेला.

मी गेटला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि त्याच्या मागोमाग आत गेलो. कुलूपबंद गेट राखायला माणूस लागत नाही.

झुंबर तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळून उभा होता. उजवा हात झोकात चाललेला आणि डावा कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा कानसेवर ठेवलेला. पहिला अर्धा तास मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याला कळत होतं की दाब चुकतोय. मग हळूहळू हाताला जाग आली, पण लोखंड एकदा घासलं गेलं की परत चिकटवता येत नाही.

तिकडे यादवसाहेब टेबलाशी बसून फडकं सोडत होते. आतला तुकडा त्यांनी उजेडात धरला. त्यावर ठोकलेला शहाण्णवचा आकडा आणि खाली टोकन नंबर त्यांनी वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं.

"हा मी रिजेक्ट केलेला जॉब आहे," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. म्हणून चुलीत घातला."

साहेबांनी तो पुसून पुसून लख्ख केला आणि गार व्हायला सपाट लोखंडी टेबलावर ठेवला. ऊन लोखंड फुगतं, हे त्यांना माहीत होतं. फुगतं म्हणजे माझ्यासारखं नाही, खरोखरीचं.

चहाच्या वेळेला झुंबरने नवा तुकडा आणून दिला. साहेबांनी मायक्रोमीटर घेतला. हे हत्यार म्हणजे एक स्क्रू असतो. तो फिरवून तुकडा चिमटीत धरायचा आणि आकडा वाचायचा. फार आवळू नये म्हणून त्याच्या शेपटाला एक टिकटिकणारी मूठ असते. ती यादवसाहेब कधी वापरत नसत. "ती नवशिक्यांना. मला बोटाला कळतं," असं ते वीस वर्षं म्हणत आले होते.

त्यांनी नवा तुकडा मोजला, परत मोजला. "तीन शतांश कमी आहे, झुंबर."

झुंबर म्हणाला, "मला म्हाईत हाय, साहेब." आणि गळ्यातलं टोकन काढून त्याने माझ्या हातात ठेवलं. त्याचा हात आता चांगला उबदार होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब मात्र उठले नाहीत. त्यांनी टेबलावरचा शहाण्णवचा तुकडा उचलला आणि मोजला. चष्मा पुसला. परत मोजला. मग रजिस्टर काढून गेल्या वर्षीचं पान उघडलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, दोन शतांश कमी.

"हा आता बरोबर भरतोय," ते म्हणाले.

बाजूचा एकजण म्हणाला, "राखेत राहून वाढला असंल, साहेब."

साहेब उठले. बाहेर जाऊन नळाखालची बादली घेऊन आले. जानेवारीचं पाणी होतं ते, रात्रभर उघड्यावर राहिलेलं. त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत घातले. सगळं खातं गोळा झालं. पाच मिनिटं हात तसेच पाण्यात. साहेबांचे ओठ हलत होते, मोजत असतील किंवा शिव्या देत असतील. मग त्यांनी हात काढले, पुसले आणि त्या बधिर बोटांनी तोच तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरून आवळला; किती आवळला ते बोटांना कळलंच नाही.

दोन शतांश कमी.

"गेल्या वर्षीही मी स्कूटरवरच आलो होतो," साहेब म्हणाले. त्यांना पेन धरता येईना, म्हणून काही वेळ हात काखेत घालून बसले. मग रजिस्टरातली जुनी ओळ खोडून तिच्यावर नवी लिहिली आणि खाली सही केली. "झुंबर, तू गेल्या वर्षीच पास झालास. नापास मी झालो होतो. टोकन परत घे त्याच्याकडून."

मी टोकन इतक्या घाईने झुंबरच्या गळ्यात घातलं की दोरी त्याच्या कानात अडकली.

साहेबांनी मग शेपटाची ती मूठ फिरवली. टिक टिक वाजली. "वाईट नाही," ते पुटपुटले. आणि जरा वेळाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या खोळी शिवून मिळतात का रे?"

संध्याकाळी परतताना सायखेडा फाट्यावर सिंधुबाई रिकाम्या पाटीसह उतरलेली दिसली. झुंबरने गाडी थांबवली, खोळींतून दोन्ही हात काढले, खाली उतरला आणि तिला वाकून जय भीम केला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हात हायेत व्हय तुला? मला वाटलं, लेकीनं गाडीलाच शिवून टाकले."

घरी विमलाबाई चुलीपाशी होती. झुंबर दारातच थांबला.  ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, टोकन आहे का नाही ते. टोकन होतं.

"कायम झालो," झुंबर म्हणाला. "पण आजच्या जॉबवर नाय. आजचा बिघडला. शहाण्णवचा पास झाला."

विमलाबाईने तव्यावरची भाकर उलटली. "शहाण्णवचा म्हंजी कोणता?"

"भाकरीचा."

तिचा हात तव्यावर तसाच थांबला. भाकर एका बाजूने करपली, तिच्या हयातीत पहिल्यांदा. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली की धूर फार झालाय. चूल तर तेव्हा नुसत्या निखाऱ्यावर होती, पण मी काही बोललो नाही. मला दिवसभर गप बसायला सांगितलं होतं. ती करपलेली भाकर तिने मला वाढली, आणि मी ती आवडीने खाल्ली.

शहाण्णवचा तुकडा तिने परत चुलीत घातला नाही. घासूनपुसून फळीवर ठेवला. पण झुंबर कायम झाला म्हणून थंडी काही कायमची गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे उजव्या खोळीत पंच्याण्णवचा तुकडा गेला आणि डाव्या खोळीत, वर्षभराने, गरम भाकर.

माडसांगवीच्या कुत्र्यांनी आम्हाला लगेच ओळखलं. फक्त ती आता डाव्याच बाजूने धावायची, आणि उजव्या बाजूने एसटीला जायला वाट मोकळी असायची.